पेमाला रडू द्या

आमच्या तांड्यात मूल रडलं तर कोणी मान वर करून बघत नाही. बाया कामात असतात, मूल झोळीत असतं, आणि रडल्याने छाती मोकळी होते अशी म्हाताऱ्यांची समजूत आहे. फक्त माझ्या भावाचा मुलगा पेमा रडला की अख्खा तांडा हातातलं काम टाकून धावायचा. ही सवय तांड्याला लावली मी. तेव्हा या गोष्टीत शहाणपण कुणाचं आणि गाढवपणा कुणाचा, ते आधीच सांगून टाकते. गाढवपणा माझा.

मी मिना. कुरुंद्यापासून तीन कोसांवर आमचा तांडा, तिथली अंगणवाडी मी चालवते. नवऱ्याला माझी जीभ झेपली नाही म्हणून मी माहेरी राहते. माहेरच्यांना झेपते, कारण त्यांचीही तशीच आहे. घरात आई नानीबाई, धाकटा भाऊ देविदास आणि त्याची बायको पुजा. आईला आम्ही याडी म्हणतो. आपसात आमची बंजाऱ्यांची बोली गोरमाटी, पण ती लिहीत बसले तर निम्मे लोक पुस्तक मिटतील, म्हणून इथे मराठीच.

पेमा जन्मला २००२ च्या डिसेंबरात. याडीने त्याला आपल्या सासऱ्याचं नाव दिलं. तो थोरला पेमा पोरवयात बापाबरोबर बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेला. हा धाकटा पेमा तीन महिन्यांचा झाला आणि एका सकाळी भुकेने रडता रडता निळा पडला. ओठ जांभळे, नखं जांभळी, मान लुळी. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयात भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. जोरात रडला की फुप्फुसात पुरेसं रक्त जातच नाही. वजन भरलं की हैदराबादला ऑपरेशन करावं लागेल.

"तोपर्यंत याला रडू देऊ नका," ते म्हणाले. "निळा पडलाच, तर गुडघे छातीशी दुमडून धरा."

त्याच महिन्यात होळी होती. आमच्यात मुलगा झाला की पहिल्या होळीला त्याची धुंड करतात. बाळाला मांडीवर घेऊन कोणीतरी बसतं, वर चादर धरतात, चादरीवर एक काठी आडवी धरतात, आणि तांड्यातले पुरुष, म्हणजे गेरिया, त्या काठीवर आपापल्या काठ्या वाजवत बाळाला आशीर्वाद गातात. एवढ्या दणदणाटात बाळ रडतंच. मुलींची धुंड करत नाहीत, यावरून माझं आमच्या नाईकांशी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांशी, दर होळीला भांडण होतं, पण ते असो. पेमाची धुंड त्या वर्षी झाली नाही. याडी दिवसभर चुलीपाशी पाठ करून बसली. धुंड झाली नाही म्हणजे तांड्याने नातवाला अजून आपलं म्हटलं नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

मी मात्र कामाला लागले. अंगणवाडीच्या भिंतीवर खडूने वीतभर अक्षरांत लिहिलं, 'पेमाला रडू देऊ नये.' वाचता येणाऱ्या बाया चारच, म्हणून घरोघर जाऊन वाचूनही दाखवलं. गुडघे छातीशी कसे धरायचे ते प्रत्येकीला शिकवलं. त्या दिवसापासून पेमा या कडेवरून त्या कडेवर फिरू लागला. त्याने हात करायच्या आत वस्तू त्याच्या मुठीत यायची. तोंड जरा वाकडं झालं की पाच जणी नाचून दाखवायच्या. हळद शिजवायच्या दिवसांत, बायांना पाणी प्यायला सवड नसताना, त्यांनी पाळ्या लावून त्याला सांभाळलं. तांड्याने ते लेकरू आठ महिने जगवलं. त्याबद्दल कोणी नावं ठेवली तर माझ्याशी गाठ आहे.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. पेमा हैदराबादहून गुलाबी होऊन आला, छातीवर मधोमध एक लांब टाक्यांची रेघ घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे काखेत धरून उचलू नका, हाड भरून यायचंय. तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तर म्हणाले, हृदय एकदम बराबर. आम्ही पेढे वाटले. भिंतीवरचं वाक्य मात्र तसंच राहिलं. ते पुसा असं कोणी म्हणालं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्या घरात नियम पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. पुढच्या होळीला याडीच म्हणाली, "छाती अजून कच्ची हाय, औंदा नको."

आणि मी? मी दर महिन्याला पेमाला काट्यावर टांगायची. वजन भरपूर. तक्त्यावरची त्याची रेघ हिरव्या पट्ट्यात चढत होती आणि मी ती सगळ्यांना मिरवून दाखवत होते.

जून २००४. पेमा दीड वर्षाचा. वजनाच्या दिवशी मी त्याला भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलं आणि हातात बिस्कीट दिलं. शेजारच्या भिकाबाईची नात त्याच्यापेक्षा दोन दिवसांनी लहान. ती तुरुतुरु चालत आली, त्याच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं आणि खात खात निघून गेली. पेमाने हात पुढे केला नाही, ओरडला नाही, उशीवरून सरकलासुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. दुसरं येईलच, याची त्याला खात्री होती.

माझ्या हातातली वही खाली पडली. शंभर मुलं माझ्या हाताखालून गेली, कोण कितव्या महिन्यात बसतं, रांगतं, उभं राहतं, हे मला झोपेतही सांगता येतं. आणि घरातलं पोर दीड वर्षाचं होऊन आधाराशिवाय बसत नव्हतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

औंढ्याला नागनाथाच्या देवळात विष्णुपंत म्हणून पूजाअर्चा बघणारे गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी नीलांबरी औरंगाबादला शिकून लहान मुलांना व्यायाम देणारी डॉक्टरीण झाली होती आणि दर मंगळवारी घराच्या पुढच्या खोलीत मुलं तपासायची. मी आणि पुजा जीपने पेमाला घेऊन गेलो. तिने त्याला चटईवर ठेवलं, हातपाय हलवून पाहिले, खुळखुळा या बाजूला धरला, त्या बाजूला धरला. मग टाका पाहिला आणि विचारलं, "हा जमिनीवर शेवटचा कधी खेळला?"

पुजाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मॅडम, त्याचं हार्टचं ऑपरेशन झालंय," मी म्हणाले. "खाली कसं ठेवायचं?"

"ऑपरेशनला सात महिने झालेत, मिनाताई. हृदयाचं काम डॉक्टरांनी चोख केलंय. मी त्याच्या मेंदूबद्दल बोलून राहिले."

पुजाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. तांड्यात दबक्या आवाजात जे बोललं जात होतं, ते आता ही बाई तोंडावर म्हणणार असं तिला वाटलं. "माझं लेकरू मतिमंद हाय का?" तिने विचारून टाकलं.

"तसं मी म्हटलं न्हाई," नीलांबरी म्हणाली. "पोटात असल्यापासून ह्याच्या मेंदूला रक्त जरा कमी मिळालं. अशी लेकरं मागं राहतात. पण आता रक्त पुरतं मिळतंय. मेंदू शिकायला तयार हाय, आणि तो शिकतो हातापायाकडून. लेकरू सरकतं, पडतं, पुन्हा उठतं, तसतसं मेंदूत एकेक वाट तयार होते. तुमी ह्याला पडूच देत न्हाई. मग त्यानं शिकावं कुठून?"

"सगळं भरून निघंल का?" मी विचारलं.

"ते आज सांगता येत न्हाई. पण उशीर केला तर कमी भरंल, हे नक्की."

मला तिचा भयंकर राग आला. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि मला शिकवते! जीपमध्ये बसल्यावर कळलं की राग तिचा नव्हता. खडू माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारवलेल्या ओट्यावर गोधडी टाकून मी पेमाला पालथं घातलं. त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, नाक गोधडीला घासलं आणि त्याने भोकाड पसरलं. पहिल्या हुंदक्याला याडी बाहेर आली, दुसऱ्याला शेजारणी आल्या. याडीने झडप घालून त्याला उचललं, गुडघे छातीशी दाबले आणि माझ्यावर ओरडली, "मी जिती असताना माझ्या नातवाला मातीत लोटतेस? तुला लेकरू न्हाई म्हणून काळीज बी न्हाई का?"

ते लागलं. फार लागलं. पण मीही तिचीच मुलगी. पुढच्या मंगळवारी मी म्हणाले, "याडी, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चल." देवाचं नाव घेतल्यावर ती नाही म्हणत नाही. दर्शन घेतलं, आणि तिथून सरळ नीलांबरीच्या खोलीत नेलं.

याडी दारातच अडून बसली. अंगात तिचा नेहमीचा जुना पोशाख होता, फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि कांचळी म्हणजे आरसे जडवलेली चोळी. नीलांबरी तिच्याशी वाद घालत बसली नाही. पेमाला चटईवर ठेवून ती म्हणाली, "आजी, ह्याचे निळे ओठ मी कधी बघितले न्हाईत. तुमी बघितलेत. तुमच्यापेक्षा ते कोणाला ओळखू येणार? तुमी हितं ह्याच्या तोंडासमोर बसा. ओठ निळे व्हायला लागले की मला न विचारता उचला."

याडीला ही भाषा समजली. ती चटईवर उकिडवी बसली, वाकून तिने तोंड पेमाच्या तोंडासमोर नेलं. त्याला पालथं केलं. तो रडू लागला. आधी कुरकुर, मग जोरात, मग घसा फाटेस्तोवर. पुजाने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. आतल्या खोलीतून विष्णुपंत काय झालं बघायला आले आणि दारातच थांबले. याडीचे दोन्ही हात हवेत, उचलायच्या तयारीत. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकदा फिरला, पुन्हा फिरला. पेमा रडत होता आणि याडी पापणी न हलवता बघत होती.

त्याचे ओठ लाल होते. पिकलेल्या तोंडल्यासारखे लाल. जितका रडे तितके आणखी लाल होत होते.

याडीचे हात हळूहळू खाली आले. तिने एक बोट त्याच्या ओठाला लावलं, मग त्याची नखं उलटी करून पाहिली. आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "गं पुजा, बघ की," ती म्हणाली, "रडून राहिला गं. निस्ता रडून राहिला!"

मला आवरलं नाही. मीही भोकाड पसरलं.

परतताना जीपमध्ये याडी आपणहून बोलायला लागली. तिच्या सासऱ्याने, थोरल्या पेमाने, तिला एक गोष्ट सांगितली होती. लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून फिरायच्या, वाटेवर गाय व्यायली की नवं वासरू एक-दोन मुक्काम खांद्यावर न्यायचे. तिसऱ्या मुक्कामाला खाली सोडायचे, मग ते हंबरो, नाहीतर अडखळो. एकदा पोरवयातल्या पेमाला दया आली आणि त्याने एक वासरू आठ दिवस खाली ठेवलं नाही. नवव्या दिवशी ठेवलं तर त्याला उभं राहता येईना. त्याच्या बापाने मग अख्खा तळ दोन दिवस थांबवला, वासरू उभं राहीस्तोवर.

"खांद्यावरचं वासरू, म्हणायचे मामंजी," याडी म्हणाली. "मीच तर केलं की गं ते."

"तू एकटीनं न्हाई, याडी. मी भिंतीवर लिहिलं होतं."

"मग पुस जा," ती म्हणाली.

मी पुसलं. नुसतं पुसून भागणार नव्हतं, म्हणून त्याच जागी लिहिलं, 'पेमाला रडू द्या. ओठ बघा. लाल असले तर आपलं काम करा.' आणि पुन्हा घरोघर जाऊन वाचून दाखवलं. भिकाबाई म्हणाली, "बाई, तुझं नक्की काय ते एकदा ठरव."

नीलांबरीने व्यायाम लिहून दिले होते, पण खरी युक्ती सापडली ती याडीमुळे, आणि तीही नकळत. एका सकाळी ती दारात उन्हाला बसली होती आणि पेमा आत जमिनीवर पालथा कुरकुरत होता. तिच्या कांचळीवरच्या आरशांतून उन्हाचे कवडसे सारवलेल्या जमिनीवर पडले. याडी जरा हलली की कवडसे पळत. पेमा गप्प झाला. त्याने एका कवडशावर हात ठेवला, कवडसा हाताच्या पाठीवर आला. त्याने हात काढला, कवडसा पुढे गेला. तो छाती घासत त्याच्यामागे वीतभर सरकला.

त्यानंतर रोज सकाळी याडीची कांचळी हाच आमचा दवाखाना. पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा देविदासने बॅटरीचा उजेड आरशांवर टाकायचा. गणपतीपर्यंत पेमा उशांशिवाय बसू लागला. दसऱ्याला रांगला, तेही उलटा, मागे मागे. दिवाळीत खाटेला धरून उभा राहिला आणि धाडकन पडला. कपाळाला टेंगूळ आलं. देविदास माझ्यावर खेकसला, पुजा रुसली. मी पेमाचे ओठ बघितले आणि म्हणाले, "लाल हायेत. पुन्हा उभं करा." डावा पाय त्याचा जरा मागे राहायचा. आजही शाळेत पळताना राहतो आणि अक्षरं रेघेबाहेर जातात. ते लपवायचं काही कारण नाही.

मग याडीने घोळ घातला. महाशिवरात्रीला ती नाईकांना जाऊन सांगून आली, "औंदा माझ्या नातवाची धुंड. आणि तो मांडीवरून न्हाई, सोताच्या पायानं चादरीखाली येणार."

मी कपाळावर हात मारला. पेमा खाट सोडत नव्हता. नीलांबरीने बजावलं होतं, लेकराला तारीख देऊ नका. होळीला पंधरा दिवस होते आणि अख्ख्या तांड्याला बातमी झाली होती. आता तो चालला नाही तर दोन वर्षं दबक्या आवाजात चाललेलं बोलणं मोठ्याने होणार होतं, आणि पुजा ते सोसणार नव्हती. आम्ही पंधरा दिवस जिवाचं रान केलं. पेमा खाटेला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, शेवटी पोचला की खाली बसे. हात काही सोडेना.

होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात चादर धरली. गेरिया काठ्या घेऊन आले. पुजाने नवा सदरा घातलेल्या पेमाला दाराच्या खांबाला धरून उभं केलं. खांबापासून चादर दहा-बारा पावलांवर. याडी चादरीपलीकडे उन्हात उभी राहिली आणि तिने हात पसरले. सगळे थांबले. पेमाने खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. आम्ही बोलावलं, नाचलो, खुळखुळा वाजवला. त्याने खांबाला मिठीच मारली. बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी "बिचारं" म्हणालं, आणि पुजाने पदर तोंडावर घेतला.

याडीचे हात खाली आले. "घे मांडीवर," ती देविदासला म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

देविदास पेमाला घेऊन चादरीखाली बसला. काठी आडवी धरली. गेरियांनी आशीर्वाद सुरू केला आणि वीस काठ्या एकदम कडाडल्या. पेमा दचकला. वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि त्याने जो टाहो फोडला तो काठ्यांच्या वर ऐकू आला. देविदासच्या मांडीवरून तो घसरला. जमिनीला हात टेकून ढुंगण वर केलं आणि उभा राहिला. धरायला खाट नव्हती, खांब नव्हता. समोर उन्हात याडीच्या छातीवरचे आरसे चमकत होते.

पुजा त्याला उचलायला धावली. मी तिचा दंड धरला. एवढ्या ताकदीने मी नवऱ्यालाही कधी धरलं नव्हतं.

पेमाने एक पाऊल टाकलं. डावा पाय ओढत दुसरं. तोंड आ वासलेलं, नाक वाहतंय, रडणं चालूच. तिसरं, चौथं. चादरीबाहेर आला. पाचव्याला झोकांडी गेली, हात पसरून सावरला, आणखी मोठ्याने रडला. काठ्या एकेक करून थांबल्या. सगळ्या अंगणात फक्त त्याचं रडणं. सहावं, सातवं, आठवं, आणि तो याडीच्या फेटियात तोंड खुपसून आदळला.

सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. याडीने त्याची हनुवटी वर केली आणि आधी ओठ बघितले. मग गेरियांकडे मान वळवली.

"थांबलात काहून?" ती ओरडली. "वाजवा! रडू द्या त्याला!"